पहिल्या सीनमधली बाई

मास्तरांना पहिला सीन काही केल्या पसंत पडत नव्हता. दिग्दर्शक होण्याआधी ते शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळं युनिट त्यांना मास्तर म्हणायचं. नापसंत कागद परत करण्याची त्यांची पद्धतही अजून शाळेतलीच होती, नापास मुलाची वही टेबलावरून सरकवावी तशी. लेखकाचे बरेच कागद असे सरकून परत आले होते. एकात मुडदा होता, एकात पाठलाग, एकात रिकाम्या घरात वाजत राहिलेला फोन.

"मुडदा बघून माणूस दचकतो आणि मग खुर्चीत सावरून बसतो," मास्तर म्हणाले. "मला त्याला सावरू द्यायचं नाहीये. बाई घरी येते, एवढंच. किंकाळी नको, रक्त नको. बाई कशी आहे ते कळलं पाहिजे, आणि काहीतरी चुकतंय हे बघणाऱ्याला जाणवलं पाहिजे. काय चुकतंय ते मात्र कळता कामा नये."

"सांगायला सोपं आहे."

"म्हणून तर मी सांगतो आणि तुम्ही लिहिता."

लेखक कागद घेऊन घरी आला. दोन-चार दिवस तो नुसताच खोलीत येरझाऱ्या घालत होता. बायकोने जेवायला हाक मारली की जेवायचा आणि काय जेवला ते त्याच्या लक्षात राहत नसे.

त्याच सुमारास एका दुपारी त्याची धाकटी बहीण आली. तिला सगळे चिमी म्हणत. लहानपणी ठीक होतं, पण लग्न झाल्यावरही ते नाव तिला चिकटूनच राहिलं. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. नवरा दातांचा डॉक्टर. तळमजल्यावर दवाखाना, आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर. हाताला अगदी हलका म्हणून त्याचं नाव होतं. दाढ काढून झाली तरी पेशंट विचारायचे, कधी काढणार? बोलणंही तसंच, मऊ. चिमीने नशीब काढलं, असं सगळ्या नात्यागोत्यात म्हणत.

लेखकाची बायको बाहेर गेली होती. चिमी खुर्चीच्या कडेवर टेकली, पर्स मांडीवरच ठेवली.

"दादा, मला हल्ली विसरायला होतं."

"मलाही होतं. वयं झाली आता."

"तसं नाही रे." तिने आवाज खाली आणला. "परवा शाळेतून घरी आले, तर ओट्यावर चहाचा कप. सकाळी मी सगळं धुऊन-पुसून गेले होते. कपाला हात लावला तर कोमट. घरात कुणी नाही. संध्याकाळी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, तूच तर प्यायलीस. मी खालून फोन केला तेव्हा चहाच घेत होतीस."

"मग?"

"मी नव्हता घेतला. तोंडाला चव राहते ना चहाची." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणजे, नसेल घेतला असं वाटतं."

मग ती आणखी काही सांगत राहिली. बंद केलेला गॅस चालू सापडायचा. शाळेतल्या मुलांची तपासायला आणलेली चित्रं कचऱ्याच्या डब्यात निघायची. डॉक्टर कधी रागावत नव्हता. उलट जवळ घ्यायचा, म्हणायचा, शाळा सोड, आराम कर, मी आहे ना. हे सांगताना ती सारखी दाराकडे बघत होती. दार लेखकाच्या घराचं होतं आणि आतून लावलेलं होतं.

लेखकाने चार लोक सांगतात तेच सांगितलं. झोप पुरेशी घे, रक्त तपासून घे, फार विचार करू नकोस. ती गेल्यावर त्याने खोलीचं दार लावलं आणि एका बैठकीत सीन लिहून काढला. बाई कुलूप उघडते, पर्स खुंटीला लावते, गुणगुणत स्वयंपाकघरात जाते. कप दिसतो. हात लावते. गुणगुणणं थांबतं. फार दिवसांनी हात असा भरभर चालला म्हणून तो खूश होता.

मास्तरांनी सीन वाचला, पुन्हा वाचला, आणि कागद परत न सरकवता घडी करून खिशात ठेवला.

शूटिंग एका जुन्या गोदामात लागलं. आत प्लायवूडच्या भिंती उभारून घर केलं होतं. त्याला दारं होती, खिडक्या होत्या, छत नव्हतं. मुख्य भूमिका करणारी अभिनेत्री नाटकात मुरलेली होती. तिला सगळे बाई म्हणत. कॅमेरा लागायच्या आधी ती ओट्यापाशी उभी राहिली, कपाला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग तिने लेखकाला जवळ बोलावलं.

"कप कोमट आहे हे कळल्यावर ती कुठे बघते?"

"कपाकडे."

"तो तर हातातच आहे. त्यानंतर कुठे?"

"ते उघडं ठेवलंय," लेखक म्हणाला. "ती विसरते की कुणी मुद्दाम करतंय, ते प्रेक्षकाला एवढ्यात कळायचं नाहीये."

"प्रेक्षकाला नका कळू देऊ. मला कळायला हवं. जिला खरंच विसरायला होतं ना, ती स्वतःवर शंका घेते. आपल्या हाताकडे बघेल, डोक्याला हात लावेल. जिच्या पाठीमागे कुणी हे करतंय, ती दाराकडे बघेल. तिला कारण ठाऊक नसलं तरी बघेल. माझी मान कुठे वळवू ते सांगा."

चिमी खुर्चीच्या कडेवर बसलेली लेखकाच्या डोळ्यांसमोर आली.

"दाराकडे," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे सुचलं कुठून तुम्हाला?"

"माझ्या बहिणीने सांगितलं होतं."

"तिच्या बाबतीत झालं होतं?"

"हो."

"मग आता कशी आहे ती?"

चिमी येऊन गेल्यापासून लेखकाने तिच्या घरी फोन केले होते, पण उचलायचा डॉक्टर. चिमी झोपलीय, चिमीने शाळा सोडली, आता बरं आहे, दादा, काळजी करू नका. लेखकाने काळजी केली नव्हती. बाईंनी कप ओट्यावर ठेवला आणि त्याच्याशी आणखी काही न बोलता मेकअपवाल्याला हाक मारली. लेखक शॉटसाठी थांबला नाही.

चिमीने दार उघडायला फार वेळ लावला. ती खंगली होती, केस मागे कसेतरी बांधलेले होते. भावाला पाहून तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच गोंधळला.

"तू येणार होतास का? मी विसरले का?"

"नाही. असाच आलो."

"थांब, ह्यांना फोन करते. चहा करायचा तर बटणं लागतील."

लेखकाला काही समजलं नाही. मग त्याचं लक्ष शेगडीकडे गेलं. गॅसची बटणं काढून घेतलेली होती, नुसते दांडे उरले होते.

"मी चालू ठेवते ना," चिमी म्हणाली. "म्हणून ते खाली घेऊन जातात."

डॉक्टर स्वतःच वर आला. अंगात पांढरा कोट, चेहऱ्यावर हसू. कोटाच्या खिशातून त्याने दोन काळी बटणं काढली, शेगडीला लावली आणि स्वतः चहा टाकला. चिमी टेबलापाशी बसून राहिली.

"बरं झालं आलात, दादा," तो म्हणाला. "हिला तेवढाच विरंगुळा. तुम्ही लेखक माणूस. मनाचे खेळ तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतात."

लेखकाला घाम फुटला होता. चष्मा काढून त्याने टेबलावर ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत आला तर टेबलावर चष्मा नव्हता. त्याने हाताने चाचपून पाहिलं. डॉक्टरही लगबगीने शोधू लागला. खुर्चीखाली वाकला, फ्रिजवर पाहिलं, आणि मग दाराजवळून त्याचा आवाज आला.

"हा घ्या. तुमच्या बुटात होता. बूट काढताना ठेवलात वाटतं." त्याने चष्मा स्वतःच्या कोटाला पुसून दिला. "घराण्यातच आहे म्हणायचं हे."

लेखकही कसनुसा हसला. क्षणभर त्याला खरंच वाटलं, ठेवला असेल मीच. मग त्याने शेगडीकडे पाहिलं. चष्मा बुटात ठेवला असता, तर बटणं काढलेली आहेत हे त्याला मघाशी दिसलंच नसतं.

चिमी टेबलाच्या कडेवर अंगठा घासत होती. वर बघत नव्हती.

तेवढ्यात खालून फोन आला. एका पेशंटला भूल दिलेली होती, आता उशीर करून चालणार नव्हतं. डॉक्टरने कप भरले, गॅस बंद केला, बटणं उपसून खिशात टाकली.

"आलोच मी. जेवूनच जायचं, दादा."

त्याची पावलं जिन्यावर ऐकू येईनाशी झाल्यावर लेखक बहिणीसमोर बसला.

"चिमी, माझा चष्मा कुठे होता?"

तिने दाराकडे पाहिलं.

"तू इथेच बसली होतीस."

"टेबलावर," ती इतक्या हळू म्हणाली की त्याला वाकावं लागलं. "मला वाटतं, टेबलावर. पण माझं काही खरं नाही. मला काहीही दिसतं."

"टेबलावरच होता. तुला बरोबर दिसलं."

ती रडायला लागली, पण आवाज नव्हता. तो उठला.

"चप्पल घाल."

"ह्यांना सांगून येते."

"नको."

"तुझ्याकडे माझ्या हातून काही जळलं-बिळलं तर? वहिनी काय म्हणेल?"

"जळू दे."

दोघं जिना उतरली. दवाखान्याचं काचेचं दार बंद होतं. आत डॉक्टर पाठमोरा वाकला होता, दात कोरण्याच्या यंत्राची घरघर बाहेर ऐकू येत होती. चिमी सवयीने दारापाशी थांबली आणि तिचा हात काचेकडे गेला. लेखकाने तिच्या कोपराला धरून तिला पुढे नेलं. टॅक्सीत बसल्यावर ती खाली वाकून बसली आणि बराच वेळ तशीच राहिली.

पुढचे महिने कठीण गेले. चिमी वहिनीला विचारल्याशिवाय दिवासुद्धा लावत नसे. डॉक्टर कधी एकटा, कधी वडीलधाऱ्यांना घेऊन आला. एकदाही त्याचा आवाज चढला नाही. हिला उपचारांची गरज आहे, एवढंच तो म्हणायचा. नातेवाईक त्याच्याच बाजूचे होते. एवढा देवमाणूस, हिला कळत नसेल तर निदान भावाने तरी समजून घ्यायला हवं होतं. चिमी मधल्या खोलीतून हे सगळं ऐकायची. एकदा वहिनीने तिला विचारलं, तो हे असं का करत होता?

"मी घाबरले की त्यांना बरं वाटायचं," ती म्हणाली. "मग ते फार प्रेमाने वागायचे."

लेखकाने मास्तरांना सांगितलं होतं, तो सीन काढून टाका. मास्तर म्हणाले, तो काढला तर सिनेमात उरतं काय? लेखक पुन्हा बोलला नाही. सिनेमा आला आणि जो तो पहिल्या सीनबद्दल बोलू लागला. वर्तमानपत्रांत त्यावर छापून आलं. एकाही शब्दाविना बाईचं अख्खं आयुष्य कळतं, असं कुणीतरी लिहिलं.

चिमी म्हणाली, मला बघायचाय. लेखकाने पुष्कळ टाळाटाळ केली. शेवटी ती वहिनीबरोबर गेली. परत आल्यावर चप्पल न काढताच भावाच्या खोलीत आली.

"हे तू कधी लिहिलंस?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "तू आली होतीस त्याच दिवशी."

"मी निघाल्यावर?"

"हो."

"म्हणजे मी तिकडे घरी पोचले, आणि तू इकडे लिहीत होतास."

ती रागावली नाही, रडली नाही. फक्त त्याच्या टेबलाकडे, खुर्चीकडे, खिडकीकडे आळीपाळीने पाहत राहिली, जणू त्या खोलीत ती पहिल्यांदाच आली होती.

"तेव्हा तुला माझं खरं वाटलं होतं का?" तिने विचारलं.

"मी तो विचारच केला नव्हता."

"बरं," ती म्हणाली आणि कपडे बदलायला गेली.

पुढच्या वर्षी चिमीने गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत नोकरी धरली आणि तिथेच खोली घेतली. आता ती बरी आहे असं सगळे म्हणतात. लेखक अधूनमधून भेटायला जातो. ती मुलांच्या गमती सांगते, शेजारणीच्या मांजराबद्दल बोलते, त्याच्या तब्येतीची चौकशी करते. स्वतःचं काही सांगत नाही. मागच्या थंडीत ती तापाने फणफणून पडली होती. ते त्याला नंतर बायकोकडून कळलं, चिमी उठून कामाला लागल्यावर.