बावीस नंबरचा रिपोर्ट

तस्करांच्या पोत्यांतून सुटून पक्षी-बचाव केंद्रात आलेल्या पोपटांपैकी बावीस नंबरच्या पोटातले जिवाणू काही केल्या हटत नव्हते, आणि पिंजरे धुणाऱ्या मामांची त्याला मुळीच हरकत नव्हती. त्याला औषध पाजायची ती मामांची बायको. आजारी पक्ष्यांशी बोलायचं नाही असा तिथला नियम, आणि बाई नियमांना भीक घालणारी नव्हती. ती वारली त्याला चार महिने झाले, तरी पोपट रोज दुपारी तिच्याच आवाजात विचारायचा, "अहो, डबा खाल्लात का?"

आज डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. "मामा, आजाराचा एकही जिवाणू नाही!"

"नीट बघा. एखादा असेल कोपऱ्यात."

"उद्या रानात सोडू. बोलणारा असेल तर मात्र कायमचा इथेच, असा वरून नियम आहे. का, ते वरच्यांनाच ठाऊक. हा बोलतो का?"

मामांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. पोपट पंख ताणून जाळीवर धडका देत होता.

"छे! जन्मात बोलला नाही."

"अहो, डबा खाल्लात का?"

"खाल्ला गं," मामा बोलून गेले.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश चष्मा पुसला आणि फॉर्मवर लिहिलं: बोलत नाही.