उद्या पाणी येणार नाही

शरच्चंद्र सरांनी वाईच्या ‘कृष्णातरंग’ वाहिनीवर वीसेक वर्षं गावच्या बातम्या वाचल्या. वाहिनी म्हणजे भाऊसो केबलवाल्यांच्या घरावरची पत्र्याची खोली, एक कॅमेरा आणि खिळ्याला टांगलेला एक कोट. बातम्या वाचणारे, मुलाखतीला आलेले डॉक्टर, निवडणुकीतले उमेदवार, सगळे तोच कोट घालत. सर किडकिडीत, त्यांच्या वेळी कोटाला मागून कपड्यांचे चिमटे लावावे लागत. समोरून ते रुबाबदार दिसत. पाठमोरे दिसायची वेळ कधी आली नाही.

सर गेले. तेराव्याचं जेवण झालं, आणि सांगलीला परतण्याआधी त्यांची मुलगी ज्ञानदा भाऊसोंकडे गेली. घरात बाबांचे फोटो होते, चष्मे होते. आवाज कुठेच नव्हता. तिला तो हवा होता.

“कुठलंही बातमीपत्र चालेल,” ती म्हणाली.

भाऊसोंनी टोपी काढून पुन्हा घातली. “ताई, कॅसेट एकच हुती. आजचं कालच्यावर घ्यायचो. मागनं कॉम्प्युटर आला, पन सवय गेली न्हाई. आदी कालचं पुसायचं, मग आजचं.”

“इतकी वर्षं?”

“शिळ्या बातम्या कोन बघतंय?” मग त्यांना आठवलं, “एक हाय. पान्याची.”

पाणी बंद राहणार असलं की आदल्या संध्याकाळी लागायची ती सूचना. दर वेळी कोट कोण घालणार, म्हणून सरांनी ती एकदाच वाचून ठेवली होती. तिची कॅसेट वेगळी, म्हणून ती टिकली. पण ती वाजवणारं जुनं मशीन थेट लाइनीला जोडलेलं होतं.

“वायर काडली तर चॅनेल बंद पडतंय. वाजलं तर गावभर वाजनार. तुमी घरी जावा, मोबाइल धरून बसा. सहाला लावतो.”

“पण उद्या पाणी येणार आहे ना?”

“येनार की. खाली पट्टी टाकतो, ‘सरांच्या स्मरणार्थ’ म्हनून.”

घरी येऊन ज्ञानदाने हे सगळं आईला नीट समजावून सांगितलं. चारुशीलाबाईंनी मान डोलावली.

सहा वाजता सर कोट घालून पडद्यावर आले. “नमस्कार. सर्व नागरिकांना कळवण्यात येते की, उद्या शहराला...”

आई उठली. स्वयंपाकघरात नळ सुटला. हंडा आदळला, मागोमाग कळशी, मग पातेली. शेजारीही नळ सुटले; समोरच्या अंगणात कुणी तरी पिंप गडगडत नेलं. ज्ञानदाला ओरडता येईना, कारण मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं.

सर नमस्कार करून गेल्यावर ती आत गेली. “आई, तुला सांगितलं होतं ना, उद्या पाणी येणार आहे म्हणून?”

“माहीत आहे गं.”

“मग?”

“ते सांगतायत तर भरून ठेवावं.”

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, आणि नेहमीपेक्षा जोरात आलं. गावात एक भांडं रिकामं नव्हतं. पट्टी कुणी वाचली नव्हती. दहाच्या सुमाराला भाऊसोंचा फोन आला.

“सकाळधरनं लोकं बोलत्यात ताई. गिरणीवाला आप्पासो म्हनला, सर जिते हुते तवर कदी खोटं बोलले न्हाईत, आता काय झालं? म्हनून आता बातम्या वाचती त्या मयूरीकडनं नवीन सूचना वाचून घेतली. आता कटकट न्हाई.”

“बरं केलंत. मग बाबांची कॅसेट मी घेऊन जाते. मिरजेत ती वाजवणारं कुणी तरी भेटेल.”

“त्यापरीस तुमी चहाला या की,” भाऊसो म्हणाले.

“भाऊसो, नवीन सूचना कशावर घेतलीत?”

“सवय हो ताई,” भाऊसो म्हणाले. “हातानं आपसूक पुसलं.”

ज्ञानदाने फोन ठेवला आणि कालचं ध्वनिमुद्रण लावलं. ‘उद्या शहराला’पर्यंत बाबा स्वच्छ ऐकू येत होते. पुढे हंडा भरत होता, आणि त्याच्या मागून ते नागरिकांना काही तरी सांगत होते.

आई दारात येऊन उभी राहिली. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “नळ जरा हळू सोडायला हवा होता मी.”

“असू दे,” ज्ञानदा म्हणाली, आणि तिने ते पुन्हा लावलं.