चौथ्या पायावरचं सोनं

मी एक जुनी दौत आहे. शाईत टाक बुडवून तुम्ही कधी लिहिलं नसेल, म्हणून सांगते. मी वीतभर लांबीची आहे, काशाची ओतीव, मधोमध शाईची काचेची कुपी आणि खाली सिंहाच्या पंजासारखे चार पाय. घाटकोपरला भटवाडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, टीव्हीशेजारी माझी जागा आहे.

माझा जन्म पॅरिसचा, दोनशे वर्षांपूर्वीचा. एकाने मला ओतलं, दुसऱ्याने माझ्या अंगावर वेलबुट्टी कोरली, तिसऱ्याने सोनं चढवलं. ती सोनं चढवायची रीत मात्र भयंकर होती, मित्रांनो. सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लेप द्यायचा आणि मला निखाऱ्यांवर धरायचं. पारा वाफ होऊन उडून जायचा आणि सोनं मागे राहायचं. ती वाफ कारागिराच्या छातीत जायची. मला सोनं चढवणाऱ्याचे दात तिशीतच पडले होते आणि त्याच्या हातातला चमचा तोंडापर्यंत पोचत नसे. श्रीमंतांच्या मेजावर मी झळकले ती अशी.

पुढे एका साहेबाबरोबर मी बोटीने मुंबईला आले. त्याच्या कचेरीत शिपायाच्या हातून पडले आणि माझा एक पाय तुटून हरवला. मला कुर्ल्याच्या एका दुरुस्तीच्या कारखान्यात पाठवलं. तिथे शिवदास होता. वेंगुर्ल्याकडचा, पंचविशीचा, हाताने अतिशय नेमका. उरलेल्या तीन पायांवरून साचा घेऊन त्याने चौथा ओतला. मालकाने कुठल्याशा पुस्तकातली पाऱ्याची कृती वाचून दाखवली आणि शिवदासने पत्र्याच्या बंद खोलीत बसून त्या पायावर सोनं चढवलं. साहेबाला नवा पाय कोणता ते ओळखता आलं नाही!

ही माझी शेवटची खरी वाहवा. तिच्यापायी शिवदासकडे दिवे, तसबिरींच्या चौकटी, घड्याळं येत राहिली. सहा वर्षं तो त्या वाफेत बसला. मग त्याचे हात थरथरू लागले. साहेब तोवर मला कारखान्यातच नमुना म्हणून ठेवून विलायतेला निघून गेला होता. मालकाने शिवदासला कामावरून काढलं आणि जाताना मला त्याच्या हातात दिलं.

घरी आल्यावर तो माझ्याशेजारी खुर्चीत बसून असे. पुढे मुलाचं लग्न झालं आणि नलिनी सून म्हणून आली. ती त्याला बशीतून चहा पाजायची. तो कधीमधी मला पुसायला सांगायचा. "सुनबाय, ह्येका पाणी लावू नको हां. नुसत्या फडक्यान पूस." एवढंच. गॅलरीत उभा राहिला की शेजारचा बाळा हसून ओरडायचा, "काय शिवदास, आज सकाळीच टाकलीस वाटतं?" शिवदासने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तो आत येऊन बसायचा. तो गेला तेव्हा तेराव्याला आलेली माणसंसुद्धा जिन्यात म्हणाली, "पिऊन पिऊन गेला बिचारा." नलिनीने ते ऐकलं.

त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. मी धुराने आणि धुळीने काळी पडले. मग मागच्या वर्षी नलिनीच्या नातीने, गार्गीने, माझे फोटो एका संग्रहालयातल्या मृणालिनीबाईंना पाठवले. त्यांचा फोन आला. गार्गीने तो आजीला ऐकू जावा म्हणून मोठ्या आवाजात लावला.

"आजी, फोटो मोठे करून पाहिले, एक पाय नंतरचा वाटतोय. तो चौथा पाय इथे मुंबईत केलाय का?"

"हो. आमच्या मामंजींनी."

"त्यांचे हात थरथरायचे का हो?"

नलिनी खुर्चीत बसली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्या सोन्याने होतं तसं. पाऱ्याचा दोष तो. मी येऊन यंत्रावर तपासते. सोन्यात पारा सापडला की आम्ही संग्रहालयात दौतीखालच्या पाटीवर त्यांचं नाव लिहू, आणि हात कशाने गेले तेही."

त्या दिवसापासून नलिनी घरी येईल त्याला सांगू लागली. बाळाच्या मुलालाही जिन्यात गाठून तिने सांगितलं, "आमचे मामंजी पीत नव्हते. पाटी लागणार आहे."

बाई येणार त्या सकाळी तिने मला मोरीत नेलं. घरात परकं माणूस येणार आणि वस्तू अशी काळीकुट्ट? शिवाय सोन्याला घासून काय होणार, तिच्या बांगड्या तर रोज भांड्यांच्या राखेत हात घालूनही तशाच होत्या. तिने मला चिंच लावली, पावडर लावली, तारेची घासणी फिरवली. चौथा पाय मामंजींचा, म्हणून तो दोनदा घासला. पंजाच्या नखांमधला मळ सुईने कोरून काढला. तो मळ नव्हता. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला कसं दिसावं? कागदाहून पातळ सोनं पाण्याबरोबर मोरीत गेलं आणि मला ओरडता आलं नाही.

मृणालिनीबाई आल्या, त्यांनी मला हातात घेतलं आणि चौथा पाय उजेडाकडे फिरवला. यंत्र लावलं, दोनदा लावलं.

"आजी, हे कधी घासलंत?"

"सकाळीच. तुम्ही येणार म्हणून. चांगलं निघालंय ना?"

गार्गी म्हणाली, "आजी, अगं काय केलंस तू!"

"मग पाटी?" नलिनीने विचारलं.

"सोनंच राहिलं नाही, आजी. पारा कुठे शोधू? नुसत्या सांगण्यावरून नाही लिहिता येत मला."

नलिनीने पदराने माझा चौथा पाय पुसला, पुन्हा पुसला, जणू पुसल्याने काही परत येणार होतं.

आता मी पिवळी धमक दिसते. आलेगेले म्हणतात, "काय चकचकीत ठेवलीय हो आजी!" मग नलिनी उठून आत जाते. जिन्यात ती हल्ली कुणाला थांबवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूला हात लावण्याआधी ती कुणी केली आणि कशी केली, ते विचारून घ्या. सांगणारं माणूस बोलतं आहे तोवर विचारा. शिवदास माझ्याशेजारी कित्येक वर्षं नुसता बसून होता. त्याचे हात का थरथरतात, हे त्याला कुणीच विचारलं नाही. नलिनीनेसुद्धा नाही.