शिंपीकाका होडी निवडतात

रोज सकाळी दुरुस्तीवाला तळ्याकाठच्या शेडचे दार उघडतो, चहाचा पेला माझ्या पालथ्या पाठीवर ठेवतो आणि वाऱ्याचा अंदाज घेत उभा राहतो. चहा संपायच्या आत शिंपीकाका येतात. गळ्यात मोजपट्टी, कानावर खडू, मागून काकू. मग मला सुलटे करून लाकडी घोड्यांच्या टेकूवर ठेवले जाते आणि माझा छळ सुरू होतो.

मित्रांनो, मी मासे धरायला जाणाऱ्यांची एक जुनी, लहानशी अ‍ॅल्युमिनियमची होडी. तळ सपाट, अंग रुंद. कारखान्यात पत्रे रिव्हेटांनी, म्हणजे जाड डोक्याच्या खिळ्यांनी, ठोकून मला जोडले. पुष्कळ वर्षे मी एका मास्तरांच्या घरची लाडकी होते. त्यांच्या मुलींनी पहिला मासा माझ्यातच बसून धरला. मुली मोठ्या झाल्या आणि मी परसात उघडी पडले. पावसाचे पाणी साठले, पाने कुजली, रिव्हेट सैल झाले. दुरुस्तीवाल्याने मला पुन्हा धड केले, ते एखादे घर मिळावे म्हणून.

आणि मिळाले कोण? शिंपीकाका! माझ्या शेजारी एक नवी होडी आहे. निमुळती, टोकदार तळाची, चकचकीत. दोघींतली एक निवडायची, एवढेच काम. काका आमची लांबी घेतात, रुंदी घेतात, अंगावर खडूच्या रेघा मारतात, घोड्यांवरच आळीपाळीने आमच्यात बसून बघतात आणि "उद्या ठरवू" म्हणून निघून जातात. अहो, जमिनीवर कुठली होडी डुलते? ओरडून सांगावेसे वाटते. पण आम्हांला वाचा नाही.

गेल्या वर्षी काका होडीतून पडले आणि त्यांचा गुडघा दुखावला. "पुन्हा पडलात तर गळ टाकणं विसरा," असे डॉक्टरांनी बजावले आहे. दुकान बंद केल्यापासून त्या माणसाला विरंगुळा असा तेवढाच उरला आहे.

"हिची शिवण बघ, कुठे दिसतेय तरी का?" आज काका नवीच्या सांध्यावरून बोट फिरवीत म्हणाले. "नाहीतर ही. सगळ्या टाचण्या बाहेर!"

टाचण्या! माझ्या रिव्हेटांना!

"शिवण कुणाला दाखवायचीय? माशांना?" काकू उसळल्या. "अहो, जन्मभर शिवलंत. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघितल्याशिवाय एक तरी कोट दिलात का?"

काकांनी मोजपट्टी गुंडाळली. दुरुस्तीवाल्याने हसू दाबले आणि आम्हां दोघींना पाण्यात उतरवून धक्क्याला बांधले.

काकांनी पाय टाकताच नवी एका अंगाला कलली. तिचा दोष नाही. ती लाटा कापायला घडलेली आहे. काकांनी काकूंचा खांदा घट्ट धरला. त्यांचा चेहरा उतरला. मग ते माझ्यात आले. मी जराशी हलले आणि स्थिर झाले. त्यांनी खांदा सोडला. नीट उभे राहिले.

"कंबरेत जरा ढगळ वाटतेय," ते पुटपुटले.

"या वयात ढगळच बरं," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, होडी घ्याल तेव्हा आधी तिला पाण्यात बघा. आणि घेतल्यावर तिच्यात पावसाचे पाणी साठू देऊ नका. एवढेच माझे मागणे.

काकांनी नवीचा दोर सोडून दुरुस्तीवाल्याच्या हाती दिला, काकूंना हात देऊन समोरच्या फळीवर बसवले, माझा दोर सोडला आणि वल्ही पाण्यात घातली.