अक्का ‘येस’ म्हणाल्या

पहूरच्या बेबाबाई पहिल्यांदाच विमानात बसल्या, त्या कॅनडात मुलीच्या, मोहिनीच्या बाळंतपणासाठी. आखातात विमान बदलायचं होतं. तिथं पुढचं विमान आधी लांबलं, मग बिघडलं म्हणून त्याऐवजी लहान विमान आणलं. सगळ्यांना जागा पुरणार नव्हती. कोण काय सांगतंय, बेबाबाईंना काहीच कळेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "घाबरू नका अक्का, मी शे ना."

तो शिंदखेड्याचा जितेंद्र. बायकोला, पुनमला घेऊन तोही तिकडेच निघाला होता. परमुलखात आपल्या भागातली बोली कानावर पडली आणि बेबाबाईंना हायसं वाटलं. त्यांनी दोघांना केळीचे वेफर्स दिले, लेकीचे दिवस भरलेत, वेळेत पोचायला हवं, हेही सांगितलं. आपला पासपोर्टही त्याच्याच हाती दिला.

जागा ठरल्या. बेबाबाईंना मिळाली, जितेंद्रला मिळाली, पुनमला नाही. आपणहून कोणी थांबेल का, असं काउंटरवरची बाई विचारत होती. जितेंद्र तिच्याशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. मग बेबाबाईंजवळ येऊन म्हणाला, "वयस्कर माणसांना मागच्या विमानानं नेताहेत. आरामाचं आहे, लगेचच निघतंय. बाई विचारेल तेव्हा फक्त येस म्हणा."

बाईनं विचारलं. बेबाबाई येस म्हणाल्या.

पुनम त्यांच्या शेजारून दाराकडे गेली. तिनं मान वर केली नाही. जितेंद्रनं मात्र पासपोर्ट परत दिला आणि हात हलवून निरोप घेतला.

मागचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. बेबाबाईंचा फोन तिथं चालत नव्हता. तिकडे जावई विमानतळावर ताटकळत राहिला. सासूबाई कुठं आहेत, कोणी सांगेना. त्याच वेळी घरी मोहिनीच्या कळा सुरू झाल्या. बाहेर बर्फ पडत होता. ती एकटी टॅक्सी करून दवाखान्यात गेली, आणि ऑपरेशनलाही एकटीच.

बाळ सुखरूप होतं. मोहिनीनं विमान कंपनीकडे तक्रार केली. जबरदस्तीनं मागे ठेवलेल्या प्रवाशाला भरपाईचा हक्क असतो. उत्तर आलं : प्रवासी स्वखुशीनं थांबल्या, सोबतच्या गृहस्थांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं.

"आई, तू स्वतःहून थांबलीस?"

"तो म्हणाला, येस म्हण."

"आणि तू म्हणालीस." मोहिनी उठून बाळाकडे गेली. बेबाबाई परत निघेपर्यंत ती कामापुरतंच बोलत राहिली.

वर्षभरानं धुळ्यात एका लग्नात जितेंद्र समोर आला. आई आजारी म्हणून तो गावी आला होता. "अक्का, पोचल्या ना तेव्हा नीट?"

बेबाबाईंनी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पुनम एकटी राहायला घाबरत होती. तुम्ही शेतातल्या, घट्ट माणूस. आणि तुम्ही नाही म्हणाल्या असत्या तर..."

"नाहीच म्हणाले असते. पोरीचे दिवस भरले होते. ते तुला माहीत होतं, म्हणून खरं विचारलं नाहीस."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "जेवून घ्या अक्का, पंगत बसतेय."

बेबाबाईंनी नवऱ्याला, बन्सीलालांना उठवलं. दोघं न जेवताच निघाले. एस.टी.त बन्सीलाल म्हणाले, "नातू चांगला आहे ना? झालं गेलं सोडून दे. आपल्याच भागातली माणसं आहेत."

बेबाबाई उठल्या आणि पहूर येईपर्यंत दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.