एकशे बेचाळीस फुल्या

वारूळवाडीच्या हौशीरामाच्या शेडात टोमॅटोची निवड चालली की सासू-सुनेचा एक खेळ रंगायचा. सून तेजस्विनी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उलट्या क्रेटवर उघडं ठेवून एखादा वेडावाकडा इंग्रजी शब्द काढायची, त्याचे चार अर्थ मराठीतून सांगायची आणि सासू साळुबाईनं त्यातला एक निवडायचा.

"सोम्नॅम्ब्युलिस्ट. न्हावी, झोपेत चालणारा, मीठ विकणारा, का भांडखोर?"

"न्हावी!" साळुबाई ठणकावून सांगायची. "शब्दातच वस्तऱ्याचा आवाज येतोय."

तेजस्विनी पोट धरून हसायची आणि समासात चुकल्याची एक फुली मारायची. साळुबाई शाळेची पायरी चढली नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कागद पुढं आला की ती डावा अंगठा उठवायची. रोज सकाळी हौशीराम तिला पेपर वाचून दाखवायचा, तोही अडखळत, आणि वर "समजलं का?" असं विचारायचा. सातवी नापास माणसाला उभ्या जन्मात एवढा एकच श्रोता मिळाला होता. शेहेचाळीस वर्षं त्यानं तो सोडला नव्हता.

परीक्षा रविवारी पुण्यात होती. वयाच्या अटीत बसणारी तेजस्विनीची ही शेवटची खेप. आणि गुरुवारी सकाळी हौशीरामानं फर्मान काढलं.

"रविवारी टोमॅटोचा तोडा हाय. परीक्षा-बिरीक्षा काय न्हाई. आपल्या घरात कुठल्या बाईचं इंग्रजीवाचून अडलंय?"

नवरा अमृत चाकणला कंपनीत. फोनवर तो म्हणाला, "दादांपुढं मी काय बोलू?" काय बोलणार, वडिलांपुढं त्याची जीभ आजवर कधी उचलली होती?

तेजस्विनी शेडात एकटीच रागारागानं पुस्तकाची पानं उलटत बसली. समासातल्या फुल्या दिसल्या म्हणून उगाच मोजल्या. एकशे बेचाळीस. बरोबरची खूण एकही नव्हती. ती थबकली. डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातला एक कधी ना कधी लागतोच. दर वेळी न चुकता चुकायचं, तर खरं उत्तर ठाऊक असायला हवं.

तिनं शेवटचा धडा उघडला. तो तिनं स्वतः अजून वाचलेलाच नव्हता. तरी पानापानाच्या कोपऱ्यात टोमॅटोच्या पाल्याचा हिरवट काळा ठसा होता, आणि ठशाच्या मधोमध विळा लागल्याची आडवी खूण. तो अंगठा तिनं रेशनच्या कागदावर पाहिला होता, बँकेत पाहिला होता.

साळुबाई दुपारी शेडात आली, तेव्हा तेजस्विनी पुस्तक घेऊन उठली. तिनं ठशाचं पान पुढं धरलं.

"आत्याबाई, तुमाला वाचता येतं."

साळुबाईच्या हातातला टोमॅटो खाली पडला. "हळू बोल," ती म्हणाली आणि मटकन बसली. "जुन्नरला मॅट्रिक झाले मी. ह्यांचं स्थळ आलं. पोरगी नवऱ्यापरीस जास्त शिकल्याली कळलं तर स्थळ मोडंल, म्हणून बापानं सांगितलं, शाळेत गेलीच न्हाई. लगीन झाल्यावर पयला अंगठा रेशनकार्डावर उठवला. मग उठवतच गेले."

दहा वर्षं तेजस्विनी जिच्या ताटाला ताट लावून जेवली, ती बाई तिला ओळखूच येईना.

"मग मुद्दाम चुकत का व्हता?"

"बरोबर सांगायची लई भीती वाटायची. पण शब्द कानावर पडला की राहवायचं न्हाई गं."

तेवढ्यात हौशीराम रिकामे क्रेट घेऊन आत आला. पुस्तक बघून त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "आजून हाय का ह्ये?"

तेजस्विनीनं पुस्तक मिटलं. सासूचं गुपित सांगायचा हक्क तिचा नव्हता. ती खाली मान घालून उठली.

"बस," साळुबाई म्हणाली. "शेवटच्या धड्यातला शब्द काढ."

तेजस्विनीनं पुस्तक पुन्हा उघडलं. "टॅसिटर्न," ती कशीबशी म्हणाली. अर्थ तिनं एकही सांगितला नाही.

साळुबाई नवऱ्याकडं बघत होती. "गप राहणारा. पोटातलं ओठावर येऊ न देणारा. पान दोनशे बारा. टी, ए, सी, आय, टी, यू, आर, एन."

हौशीरामाच्या हातातले क्रेट धडाधड खाली आले. आधी सुनेकडं, मग बायकोकडं, असा तो आळीपाळीनं बघत राहिला.

"तुला... कुणी शिकवलं?"

"शाळेनं. मॅट्रिक हाय मी."

हौशीराम क्रेटवर टेकला.

"मी पेपर वाचायचो तवा?"

"आयकायचे."

"चुकायचो?"

"लई."

"आदीच सांगितलं असतंस तर?"

"तर तुमी मला केली नसती."

'केली असती' असं काही हौशीराम म्हणाला नाही. साळुबाईनं थोडा वेळ वाट बघितली. मग एक फुटका टोमॅटो उचलला आणि त्याच्या रसानं डाव्या अंगठ्यावरचा पाल्याचा काळा डाग चोळून काढायला घेतला.

"रविवारी," हौशीराम खाली बघत म्हणाला, "पोरीला किती वाजता पोचायचं हाय?"

तेजस्विनी बोलणार होती, पण साळुबाईनं तिला हातानंच थांबवलं.

"साडेआठला. हॉल तिकिटावर इंग्रजीत लिवलंय. वाचलंय मी."