माझ्या शेजारचे रुंद फाटक

मित्रांनो, पडेगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक निसर्ग उद्यान आहे. त्याच्या तोंडाशी उभे असलेले जुने फिरते फाटक ते मीच. मधे एक लोखंडी खांब आणि त्याला चारी बाजूंना दांडे. माणसाने दांडा ढकलला की मी थोडेसे फिरते आणि तो आत जातो. एका वेळी एकच माणूस. शहागंजच्या मागच्या गल्लीत एका वेल्डरने मला घडवले आणि टेम्पोत घालून इथे आणून रोवले. आता माझ्या रंगाचे पोपडे पडतात, पण ते माझे दुःख नाही. माझे दुःख माझ्या शेजारीच उभे आहे. तेही फाटकच आहे.

मी येण्याआधी इथे कुणीही घुसायचे. शेळ्या कोवळी रोपे ओरबाडून खायच्या आणि टवाळ पोरे थेट तळ्यापर्यंत मोटारसायकली न्यायची. मी आले आणि दोघांचीही वाट बंद झाली. राखणदार सांडूभाऊ चारचौघांत माझी तारीफ करायचे. माझ्या जिवावर आपण निवांत चहा पितो म्हणायचे, आणि खरोखरच आत लांब चिंचेखाली खुर्ची टाकून बसायचे. मी नुसते फुगून जायचे.

माझी सगळ्यांत लाडकी चारुता. कॉलेजात असताना तिने तळ्याकाठी एक पळस लावला होता. दर रविवारी ती पाण्याचा कॅन घेऊन यायची. बाकीचे लोक मला ढकलून पुढे जात. ती मात्र दांडा धरून माझ्याबरोबर एक पुरी गिरकी घ्यायची आणि मगच आत शिरायची. तिला नोकरी लागली, पळस तिच्या डोक्याच्या वर गेला, तरी आमचा रविवार चुकला नाही. मग अचानक ती यायचीच थांबली.

पुढच्या वर्षी आली ती व्हीलचेअरमध्ये. तिच्या स्कूटरला ट्रकने उडवले होते आणि पायांतले बळ गेले होते. भाऊ अमेय खुर्ची ढकलत होता. त्याने ती सरळ घालून पाहिली, तिरपी घालून पाहिली, पण ती माझ्यातून जाईना. शेवटी अमेयने आणि सांडूभाऊंनी चारुताला उचलले आणि एखाद्या पोत्यासारखे माझ्यावरून पलीकडे नेले. तिची ओढणी माझ्या दांड्यात अडकून टर्रकन फाटली.  पळसापर्यंतही न जाता ती अमेयला परत घरी चल म्हणाली.

त्यानंतर तिने उद्यानाच्या कचेरीत खेटे घातले. साहेबांचे डोके खाल्ले म्हणा ना. आणि एक दिवस माझ्या शेजारी ते रुंद फाटक उभे राहिले. त्याला उंबरठा नाही, पायरी नाही. तिथून तळ्यापर्यंत सपाट वाट झाली. वळणावर हाताला कठडा आला, अंधांनी बोटांनी वाचायच्या पाट्या आल्या. उद्घाटनाला झेंडूचा हार त्याच्या गळ्यात पडला. माझ्या अंगावर कुणीतरी ओली पिशवी वाळत घातली होती.

मित्रांनो, माझा जळफळाट झाला. ना त्याला फिरता येते, ना कुणाला अडवता येते. नुसते आ वासून उभे राहायचे, यात कसले आले कर्तृत्व? पण काठी टेकत येणारे आजोबा तिकडून, बाबागाडीतले बाळ तिकडून. आणि पहिल्याच रविवारी चारुताही तिकडूनच आली, एकटी, हातांनी चाके फिरवत. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्या पोटात असे दुखले की सांगता सोय नाही.

मग माझ्या मनासारखे झाले. रुंद फाटकातून मोटारसायकली घुसल्या, पाठोपाठ शेळ्या घुसल्या. साहेबांनी सांडूभाऊंना फैलावर घेतले आणि कुलूप घालायला सांगितले. सांडूभाऊंनी एक भलेमोठे कुलूप आणून रुंद फाटकाला ठोकले आणि किल्लीसाठी आपला फोन नंबर वर टांगला. मला इतका आनंद झाला की दिवसभर मी न कुरकुरता फिरले.

पुढच्या रविवारी चारुता आली. सांडूभाऊ भाच्याच्या लग्नाला कन्नडला गेले होते आणि किल्ली त्यांच्या खिशात होती. फोन लागत नव्हता. पळस ऐन फुलोऱ्यात होता आणि तारेच्या कुंपणातून तिला त्याचा लाल शेंडा तेवढा दिसत होता. चारदोन भल्या माणसांनी तिला माझ्यावरून उचलून न्यायची तयारी दाखवली. तिने मान हलवली. भर उन्हात ती बसून राहिली आणि लोक माझ्यातून आत जात राहिले. मित्रांनो, त्या दिवशी मी जिंकले होते. पण तिचा उतरलेला चेहरा दिवसभर माझ्यासमोर होता आणि मला एकदाही आनंदाने फिरता आले नाही.

उन्हे कलताना सांडूभाऊ एसटीतून उतरले. तिला पाहून वरमले.

"ताई, कुलूप नाय लावलं तर पोरं गाड्या घालत्यात, शेरडं झाडं खात्यात. मी तरी काय करू?"

"चालणाऱ्या माणसाला आत यायला फोन करावा लागतो का, सांडूभाऊ?" चारुता म्हणाली. "मला कुणी येऊन आत सोडायला नको. मला आपलं आपण यायचंय. गाड्या अडवायला तुम्ही आहात की."

सांडूभाऊंनी खिशातली किल्ली काढली. मग त्यांनी कुलूप काढले. लांबची चिंचेखालची खुर्ची उचलून आणली आणि रुंद फाटकाच्या तोंडाशी ठेवली.

"आता समद्यांनी एकाच वाटेनं यायचं. मी हितंच बसतो," ते म्हणाले. आणि साहेबांनी कुलूप घालायला सांगितलेच आहे, तर कुठेतरी घालायला हवे म्हणून त्यांनी ते माझ्या दांड्याला घातले.

तेव्हापासून मी फिरलेले नाही. शेजाऱ्याचा मत्सर वाटतो का, विचाराल तर वाटतो, आणि रोज वाटतो. तरी माझे कुलूप काढा, असे मी म्हणणार नाही. फक्त एवढे करा. इथे याल तेव्हा त्या फाटकासमोर गाड्या लावू नका. सांडूभाऊंची खुर्ची रिकामी आणि कुलूप तिकडे गेलेले दिसले, तर गप्प बसू नका, भांडा. चारुता अजूनही दर रविवारी येते आणि सांडूभाऊंशी दोन शब्द बोलून, फाटकाकडे लक्षही न देता सरळ पळसाकडे जाते. फाटकाकडे बघत बसायची पाळी येते, ती आत जाता येत नाही त्या माणसावर.